घर घेताय? आधी पाण्याची वाट बघा!

मंडळी, घर बघताना आपण शाळा बघतो, ट्रेन स्टेशन बघतो, किचन तर दोनदा बघतो. पण पावसाचं पाणी कुठून येईल आणि कुठे जाईल, हे क्वचितच कोणी विचारतं. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या पावसाने इथे न्यू जर्सीत कितीतरी बेसमेंट पाण्याने भरली. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो लागू व्हायला बहुधा ३० दिवस लागतात. तेव्हा सही करण्याआधी अर्धा तास नकाशासाठी काढाच.

शाळेच्या भूगोलातल्या समोच्च रेषा आठवतात का? सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा. असे नकाशे यूएसजीएसच्या 'नॅशनल मॅप' संकेतस्थळावर फुकट मिळतात. बऱ्याच काउंटींच्या संकेतस्थळांवर २ फुटी रेषांचे नकाशेही असतात.

नकाशा वाचायचे नियम सोपे आहेत :

१. रेषा जितक्या जवळजवळ, तितका उतार जास्त.
२. पाणी रेषांना काटकोनात, उताराच्या दिशेने वाहतं.
३. रेषा 'व्ही' अक्षरासारखी वळली असेल आणि टोक उंच भागाकडे असेल, तर ती घळ. आजूबाजूचं पाणी तिथेच येणार. टोक सखल भागाकडे असेल, तर ती सोंड. तिथून पाणी दोन्ही बाजूंना ओघळतं.
४. बंद रेषेला आतून बारीक रेघा असतील, तर तो खळगा. पाणी तिथे साचतं.

आता थोडं गणित. समजा, घर १२० आणि १३० फुटांच्या रेषांमध्ये आहे. त्या दोन रेषांमधलं अंतर ५०० फूट आहे आणि घर १२० च्या रेषेपासून २०० फुटांवर आहे. मग घराची उंची १२० + (१० × २०० ÷ ५००) = १२४ फूट. उतार १० ÷ ५००, म्हणजे २ टक्के. शेजारच्या ओढ्याची उंची अशीच काढा. ती १२१ आली, तर घर ओढ्यापेक्षा जेमतेम ३ फूट वर आहे.

इथे एक मेख आहे. १० फुटी रेषांच्या नकाशात ५ फुटांपर्यंत चूक गृहीत धरावी. म्हणजे वरच्या ३ फुटांवर विसंबता येत नाही! अशा वेळी २ फुटी नकाशा बघा किंवा सर्व्हेयरकडून उंची मोजून घ्या. फेमाच्या पूर-नकाशातल्या पातळीशी तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पायावरून मोजलेले आहेत ना, हेही तपासा. जुने नकाशे १९२९ च्या पायावर आहेत, तर नवे १९८८ च्या. न्यू जर्सीत या दोन्हींत साधारण १ फुटाचा फरक पडतो.

अंगणातला उतार मात्र कुठलाच नकाशा नीट सांगणार नाही. त्यासाठी दोरी, दोन खुंट्या आणि गवंड्याची लेव्हल पुरते. भिंतीपासून पहिल्या १० फुटांत जमीन निदान ६ इंच उतरली पाहिजे, असा इथल्या बांधकामाच्या संहितेचा सर्वसाधारण नियम आहे. उतार उलटा असेल, तर छपराचं पाणी पायाशीच मुरणार. पन्हाळीचा पाइप लांब नेऊन आणि भिंतीलगत मातीचा भराव घालून हे बऱ्याचदा सुधारता येतं. पण घळीत बांधलेलं घर काही उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. म्हणून आधी नकाशा, मग किचन!