निवडणुकीच्या जाहिरातीत खोटं बोललं तर शिक्षा होते का?

संत्र्याच्या रसाच्या बाटलीवर '१०० टक्के शुद्ध' असं छापलं आणि आत निम्मं साखरपाणी निघालं, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. आता समजा, वरुड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटच्या चौकात फलक लागला: 'संत्रा प्रक्रिया प्रकल्प आम्हीच मंजूर करून आणला.' प्रत्यक्षात तसा कुठलाच आदेश निघालेला नाही. अशा वेळी दंड कोण करणार?

बहुतेक वेळा कोणीच नाही. शेंदूरजनाघाटचा मतदार नगरपरिषदेसाठी मत देतो, मोर्शी मतदारसंघातून आमदार निवडतो आणि जिल्हा अमरावती असला तरी लोकसभेला वर्ध्याचा खासदार निवडतो. प्रत्येक वेळी त्याच्यासमोर जाहिराती येतात. त्या खऱ्या आहेत का, हे पाहण्याची व्यवस्था मात्र फार तोकडी आहे.

जाहिराती कोण तपासतं?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा वस्तू आणि सेवांच्या जाहिरातींसाठी आहे. जाहिरातींवर नजर ठेवणारी 'एएससीआय' ही संस्था राजकीय जाहिराती आपल्या कक्षेत घेत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशानंतर टीव्हीवरच्या राजकीय जाहिरातींना आधी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पुढे रेडिओ आणि सोशल मीडियावरच्या जाहिरातीही त्यात आल्या. हे काम 'एमसीएमसी' ही समिती करते. पण तिचा भर आचारसंहिता आणि कायद्याचा भंग होतो का, यावर असतो. 'इतक्या कोटींची कामं केली' या आकड्याचा हिशेब ती मांडत बसत नाही.

मग कायदा नेमका कुठे लागू होतो?

लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम १२३(४) नुसार उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वर्तनाबद्दल जाणूनबुजून खोटं छापणं हा 'भ्रष्ट आचार' आहे. तो न्यायालयात सिद्ध झाला तर आमदारकी, खासदारकी जाऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ मध्येही असाच गुन्हा आहे आणि तो नगरपरिषदेच्या निवडणुकीलाही लागू होतो. शिक्षा मात्र फक्त दंडाची.

म्हणजे समोरच्या उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटं बोललं तर कायदा आडवा येतो. स्वतःच्या कामाबद्दल फुगवून सांगितलं तर सहसा येत नाही.

आश्वासनांचं काय? जाहीरनाम्यातलं आश्वासन हा 'भ्रष्ट आचार' ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुब्रमण्यम बालाजी प्रकरणात सांगितलं. त्यानंतर आयोगाने आचारसंहितेत एक अपेक्षा जोडली: आश्वासनासाठी पैसा कुठून येणार, हे पक्षांनी ढोबळमानाने सांगावं.

बातमीच्या रूपातली जाहिरात

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर 'अशोकपर्व' नावाचा स्तुतिपर मजकूर बातम्यांच्या स्वरूपात आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते प्रकरण पुढे आणलं. या पेड न्यूजच्या आरोपांचा चव्हाणांनी इन्कार केला. २०१४ मध्ये आयोगाचा निर्णय त्यांच्या विरोधात गेला. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की आयोगापुढचा वाद निवडणूक खर्चाच्या हिशेबाचा होता. मजकूर खरा की खोटा, हा मुद्दाच नव्हता.

खोटं पकडलं गेलं तरी परिणाम उरतो का?

अमेरिकेत १९७७ मध्ये झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसलं, की तेच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, मग ते खोटं का असेना. प्रचाराचा भोंगा दिवसातून चार वेळा गल्लीतून का फिरतो, याचं उत्तर त्यात आहे.

इतर देशांत काय आहे?

ऑस्ट्रेलियातल्या साऊथ ऑस्ट्रेलिया राज्यात १९८५ पासून असा कायदा आहे. जाहिरातीतलं तथ्याबद्दलचं विधान चुकीचं आणि दिशाभूल करणारं असेल, तर निवडणूक आयुक्त ती मागे घ्यायला सांगू शकतात. यावर आक्षेपही आहे: खरं काय हे आयुक्त ठरवू लागले, तर त्यांच्या निःपक्षपातीपणावरच संशय घेतला जाईल.

मतदाराच्या हातात काय आहे?

एक कागद असा आहे, ज्यात खोटं लिहिणं हाच गुन्हा आहे: उमेदवाराचं शपथपत्र. त्यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती असते. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराने त्यात खोटी माहिती दिली किंवा माहिती लपवली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतं. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर या निवडणुकांतल्या उमेदवारांना स्वतःवरच्या गुन्ह्यांची जाहिरातही द्यावी लागते. फलकावरचा फोटो आणि ही जाहिरात शेजारी ठेवून पाहावी.

केलेल्या कामाचा दावा तपासायचा असेल, तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून कामाचा आदेश मागता येतो. पण त्याच्या उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि उमेदवारी मागे घेण्याच्या तारखेनंतर प्रत्यक्ष प्रचाराला जेमतेम दोन आठवडे मिळतात. त्यामुळे फलक लागल्यावर अर्ज केला, तर उत्तर मतदान झाल्यावर हातात पडेल. प्रकल्पाचं काय झालं, हे विचारायची वेळ निवडणूक नसतानाची आहे.