सरासरी ७०० मिलिमीटर म्हणजे किती पाऊस?

भूगोलाच्या तासाला मराठवाड्याविषयी दोन वाक्ये हमखास सांगितली जातात. हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो आणि येथे पाऊस कमी व अनिश्चित असतो. मुले ती पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. पण पर्जन्यछाया पडते कशी आणि 'अनिश्चित' या शब्दाचा शेतातील अर्थ काय, हे समजले तर आपल्याच गावाचे हवामान हा विज्ञानाचा उत्तम धडा होऊ शकतो. उदाहरणासाठी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्हा घेऊ.

डोंगर ओलांडताना हवेचे काय होते?

संभाजीनगर शहर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून ५७० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. सरळ पश्चिमेला गेल्यास अरबी समुद्र पावणेतीनशे किलोमीटरवर लागतो. मध्ये सह्याद्री उभा आहे.

हवा वर चढते तेव्हा तिच्यावरील दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. ढग बनू लागले की बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून थंड होण्याचा वेग सुमारे ६ अंशांवर येतो.

आता फळ्यावर गणित मांडा. समुद्रावरून निघालेली हवा २८ अंशांची आहे. ५०० मीटरवर ती २३ अंशांची झाली आणि तेथे ढग बनू लागले असे धरू. १००० मीटरच्या माथ्यावर ती २० अंशांची होईल. वाटेत तिने बरेच पाणी पावसाच्या रूपाने टाकले. पलीकडे ती ६०० मीटर उंचीच्या पठारावर उतरली तर ४०० मीटर उतरताना ४ अंशांनी तापेल, म्हणजे २४ अंशांची होईल. चढताना याच उंचीवर ती २२.४ अंशांची होती. म्हणजे हवा दीड अंशाने अधिक गरम झाली आणि तिच्यातील बाष्पही घटले. अशा हवेत ढग टिकणे अवघड. हीच पर्जन्यछाया. घाटमाथ्यावरील इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, संभाजीनगरला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील वैजापूर, गंगापूर भागात तो आणखी कमी.

मग हे ७०० मिलिमीटर येतात कोठून? बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे मिळतो, तर जून आणि सप्टेंबरमध्ये दुपारनंतर वाढणाऱ्या गडगडाटी ढगांचाही त्यात मोठा वाटा असतो. म्हणूनच मराठवाड्यात परतीच्या पावसाला एवढे महत्त्व आहे.

तापमानातील फरक

मे महिन्यात दिवसाचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते, रात्री ते २४-२५ पर्यंत उतरते. डिसेंबर-जानेवारीत दिवसा २८-२९ आणि पहाटे ११-१२ अंश. ऑगस्टमध्ये मात्र दिवसा २९-३० आणि रात्री २१-२२, म्हणजे फरक जेमतेम आठ अंशांचा. असे का? रात्री जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. हवेतील बाष्प व ढग त्यातील बराच भाग अडवून परत पाठवतात. हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्याने जमिनीवरचे हे पांघरूणच नसते.

याउलट अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील आयोवा राज्य पाहा. तेथेही मक्याची शेती, तीही समुद्रापासून दूर. पण पाऊस किंवा बर्फ बाराही महिने थोडाथोडा पडतो. उत्तरेला आडवा डोंगर नसल्याने ध्रुवाकडील थंड हवा थेट येते आणि हिवाळ्यात जमीन गोठते. आपल्याला हिमालयाचा आडोसा आहे. तेथील शेतकऱ्याचा हंगाम थंडी ठरवते, आपल्याकडे तो पाऊस ठरवतो, कारण वर्षाचा चार-पंचमांशाहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो.

सरासरी आणि खंड

ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडतो त्याला हवामानशास्त्रात पावसाचा दिवस म्हणतात. दोन काल्पनिक वर्षे घ्या. पहिल्या वर्षी ७०० मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत सारखा विभागून पडला. दुसऱ्या वर्षीही ७०० मिलिमीटरच पडला, पण त्यातील ३०० सप्टेंबरच्या तीन दिवसांत कोसळला आणि ऑगस्ट कोरडा गेला. नोंदवहीत दोन्ही वर्षे 'सरासरीइतकी'. शेतात मात्र पहिल्या वर्षी पीक, दुसऱ्या वर्षी आधी करपलेले आणि नंतर वाहून गेलेले रान.

खंड किती दिवस सोसवेल हे जमीन ठरवते. गोदाकाठची एक मीटर खोल काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे १५० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. कन्नड, खुलताबादच्या डोंगराळ भागातील ३० सेंटिमीटरची हलकी जमीन जास्तीत जास्त ४५. भर वाढीतले पीक दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर पाणी घेते. भागाकार करा: खोल जमिनीत ३० दिवस, उथळ जमिनीत ९. वीस दिवसांची उघडीप पडली तर बांधापलीकडचा कापूस हिरवा आणि अलीकडचा माना टाकलेला का दिसतो, ते यावरून कळेल. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, या सल्ल्यामागेही हाच हिशेब आहे. पहिल्या सरीवर पेरले आणि पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च दुप्पट.

पिण्याच्या पाण्याचे गणित आणखी वेगळे. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले. शहराला पाणी तेथूनच येते. पण नाथसागर भरतो तो मुख्यतः नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत पडणाऱ्या पावसावर. त्यामुळे गावात चांगला पाऊस होऊनही धरण रिकामे, किंवा शेत कोरडे आणि धरण भरलेले, असे दोन्ही घडते. १९७२ च्या दुष्काळात धान्याची टंचाई होती, २०१२-१३ मध्ये पाण्याची. त्या वर्षी अनेक शेतकऱ्यांना वाळलेल्या मोसंबीच्या बागा तोडाव्या लागल्या. उलट २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके पाण्याखाली गेली.

शाळेत करण्याजोगे

सरळ बाजूंची, सपाट बुडाची बरणी मोकळ्या जागी ठेवा. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेलाच, पट्टीने पाण्याची उंची मोजून नोंदवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर २०० चौरस मीटर असेल तर ७०० मिलिमीटर पावसात त्यावर १,४०,००० लिटर पाणी पडते.

नोंदींवरून मुलांनी तीन गोष्टी काढाव्यात: एकूण पाऊस, पावसाचे दिवस आणि सर्वांत लांब खंड. शेजारी मृग, आर्द्रा ही नक्षत्रे लिहा. नक्षत्रे सूर्याच्या स्थानावरून ठरत असल्याने त्यांच्या तारखा दरवर्षी जवळजवळ त्याच येतात, त्यामुळे आजोबांच्या आठवणींशी तुलना करता येते. अशी वही पाच-सात वर्षे चालली तर गावाजवळ स्वतःचा पुरावा जमेल. कोणते पीक कोणत्या रानात आणि केव्हा पेरावे, याची चर्चा मग जिल्ह्याच्या सरासरीऐवजी गावच्या आकड्यांवर करता येईल.