परत येईल तोवर तुमचं

तुमचं पाळलेलं कबुतर उडालं आणि पलीकडच्या आळीत कौलांवर जाऊन बसलं. तिथल्या पोराने ते धरलं. आता कबुतर कुणाचं?

रोमन सम्राट जस्टिनियनने इ.स. 533 मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक पाठ्यपुस्तक काढलं. त्यात याचं उत्तर आहे. कबुतराला घरी परतायची सवय आहे तोवर ते तुमचं. सवय मोडली की मालकी सुटली, मग धरेल त्याचं. लॅटिनमधला शब्दप्रयोगच ‘परतण्याचं मन’ असा आहे. ज्या कायद्यात माणसं गुलाम म्हणून विकली जात, त्याने पाखराचं मन पाहावं, याला काय म्हणावं!

मधमाश्यांचं गणित वेगळं. उठलेला थवा नजरेच्या टप्प्यात आहे आणि गाठता येण्याजोगा आहे, तोवर तुमचा. हा धागा जर्मनीच्या दिवाणी संहितेत 1900 पासून आजवर टिकून आहे. लगेच पाठलाग केला नाही तर थवा बेवारशी. केलात तर दुसऱ्याच्या आवारातही शिरायची मुभा. दोघातिघांचे थवे वाटेत मिसळले तर? पाठलाग करणारे सगळे त्या एकाच गुणगुणाटाचे भागीदार.

कोंबडी मात्र रोमनांच्या लेखी मुळातच माणसाळलेली. बिथरून कितीही लांब गेली तरी मालकाचीच. तिच्या मनाला कोण विचारतो?

आणि खरी गंमत पुढे आहे. कुत्राही माणसाळलेला, म्हणून तो बसला कोंबडीच्या पंगतीत. जिन्यावरची पावलं ओळखून जो दाराशी धावतो, नेमकं त्याचंच मन कायद्याला नको! तो मालमत्ता. मालमत्ता म्हटली की किंमत आली. आपल्या 1860 च्या दंड संहितेतलं एक कलम दहा रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचं जनावर मारण्याबद्दल होतं. 2024 मध्ये लागू झालेल्या न्याय संहितेत ती रक्कम गेली.

घटस्फोटातही कुत्रा सोफा-टीव्हीच्या यादीतच असायचा. 2013 मध्ये मॅनहॅटनच्या एका न्यायाधीशांपुढे जोई नावाच्या डॅशहुंडचा वाद आला. टेबल-खुर्चीचा नियम त्यांना लावावासा वाटेना, आणि पोटच्या पोराच्या ताब्याचा नियमही जसाच्या तसा बसेना. मग ‘सर्व संबंधितांसाठी चांगलं काय’ ही मधली कसोटी त्यांनी धरली. त्याला खायला कोण घालत होतं, फिरवून कोण आणत होतं, डॉक्टरकडे कोण नेत होतं, असे प्रश्न कोर्टात रास्त ठरले. 2017 पासून अलास्कात कायदाच सांगतो की घटस्फोटात प्राण्याचं हित पाहा, हवं तर ताबा दोघांना मिळून द्या. 2022 मध्ये स्पेनही त्या वाटेने गेला.

मांजरीचं काय, हे मला अजून सुटलेलं नाही. वाड्यातली मांजर दोन बिऱ्हाडांत दोन नावांनी दूध पिते. परतण्याचं मन तिला नक्की आहे, पण दोन्हीकडे.