कार्ड गेलं तरी प्लेबुक आहे

श्रीगोंद्यात रास्पबेरी पाय बसवायचा, तर लाईट जाणार हे धरूनच. एटीएम कार्डाएवढा हा संगणक मी लिंबूबागेतल्या मोटारीच्या खोलीत ठेवला, तापमान नि आर्द्रता टिपायला. त्याचं सगळं बिऱ्हाड एका मायक्रोएसडी कार्डावर. लिहिणं चालू असताना लाईट गेली, की कार्ड बिघडू शकतं. माझं बिघडलं. सगळं हाताने परत बसवण्यात रविवार गेला, आणि आधी काय काय केलं होतं त्यातलं निम्मं आठवेना.

म्हणून ॲन्सिबल: कामांची यादी दिली की दूरच्या यंत्रावर ती मांडणी करून देणारं साधन. मायकेल डीहानने २०१२ साली काढलेलं, २०१५ मध्ये रेड हॅटने घेतलेलं. पायवर वेगळं काही टाकावं लागत नाही. एसएसएच (दुरून यंत्रात शिरायची सोय) आणि पायथन असलं की झालं. लॅपटॉप मात्र लिनक्सचा किंवा मॅकचा हवा, विंडोज असेल तर त्यात लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल.

रास्पबेरी पायच्या इमेजर ॲपमधून कार्ड लिहितानाच यंत्राचं नाव, वापरकर्ता, वायफाय आणि एसएसएच भरून टाका. पूर्वी ‘पाय’ हा वापरकर्ता आयता मिळायचा. एप्रिल २०२२ पासून तो बंद झाला. मग लॅपटॉपवर दोन फाइली: इन्व्हेंटरीत यंत्राचा पत्ता, प्लेबुकमध्ये कामं. प्लेबुक यामलमध्ये लिहायचं. ओळ आत सरकवायला स्पेसच द्यायची, टॅब चालत नाही. माझी पहिली संध्याकाळ त्यातच गेली.

खरी गंमत घड्याळात आहे. माझ्या पाय ४ ला बॅटरीवर चालणारं स्वतःचं घड्याळ नाही. लाईट आली पण नेट नसलं, तर तो शेवटची साठवलेली वेळ धरून पुढे मोजत बसतो, आणि पहाटेच्या गारव्यावर दुपारची वेळ पडते. त्यावर डीएस३२३१ हे छोटं घड्याळ जोडलं. त्यासाठी पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालावी लागते. साध्या स्क्रिप्टने ‘शेवटी ही ओळ जोड’ म्हटलं, तर दहा वेळा चालवल्यावर दहा ओळी होतात. ॲन्सिबलच्या लाइनइनफाइल या मॉड्यूलला आपण ‘ही ओळ असली पाहिजे’ एवढंच सांगतो. नसेल तर ते घालतं आणि ‘चेंज्ड’ दाखवतं. असेल तर नुसतं ‘ओके’. त्यामुळे अशा कामांचं प्लेबुक अर्ध्यात तुटलं, तरी बेधडक पुन्हा चालवावं.

पुढचं कार्ड गेलं तेव्हा नवं घातलं, प्लेबुक चालवलं, रीडिंग सुरू. जुनी रीडिंग मात्र गेली ती गेलीच. प्लेबुकात मांडणी असते, आकडे नसतात. आता त्यात एक काम वाढवलंय: रोज रात्री आकड्यांची फाइल घरच्या लॅपटॉपवर.