परकी वस्तु आणि शरीराची राखण

कर्करोगामुळें स्तन गमावलेल्या स्त्रीस तो पुन्हां घडवून देण्याची शस्त्रक्रिया आज परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणीं होते. बदलापूर-सोनिवलीच्या रुग्णेस हें रुग्णालय मध्य रेल्वेच्या वाटेवरचेंच. हा आकार दोन प्रकारें घडवितात: एक तर पोटाच्या वा पाठीच्या स्वतःच्या मांसांतून, नाहीं तर सिलिकोनची मऊ पिशवी आंत बसवून.

पहिली रीत महाराष्ट्रास जुनीच आहे. पुण्यास एका कारागिरानें कावसजी नामक गाडीवानाचें कापलेलें नाक त्याच्याच कपाळाच्या कातड्यानें घडविलें. तो वृत्तांत १७९४ सालीं लंडनच्या एका मासिकांत छापला गेला. स्वतःचें मांस शरीर आपलें मानतें. सिलिकोनचें तसें नाहीं. ती परकी वस्तु आहे हें ओळखून शरीर तिच्याभोंवतीं तंतुमय वेष्टण विणतें. हें वेष्टण आवळलें तर स्तन कठीण व दुखरा होतो.

मग ही राखण करणारी शक्ति बिथरून स्वतःच्याच सांध्यांवर उलटेल काय? अमेरिकेंत १९६२ सालीं ही पिशवी प्रथम बसविण्यांत आली. पुढें ही भीति इतकी वाढली कीं १९९२ सालीं तेथील सरकारी खात्यानें तिच्या वापरावर कडक बंधनें घातलीं. १९९९ सालीं तज्ज्ञमंडळानें पुरावा तपासला. संधिवातासारखे विकार तिच्यामुळें होतात असें त्यास आढळलें नाहीं. २००६ सालीं तिला पुन्हां परवानगी मिळाली. तथापि थकवा, सांधेदुखी, विस्मरण यांनीं त्रस्त झालेल्या स्त्रिया आहेत, आणि पिशवी काढल्यावर त्यांपैकीं कित्येकींस बरें वाटतें. कारण उलगडलें नाहीं म्हणून त्यांचा त्रास खोटा ठरत नाहीं.

सिद्ध झालेला धोका मात्र निराळाच निघाला. खरखरीत पृष्ठभागाच्या पिशवीभोंवतीं, बहुधा कित्येक वर्षांनीं, राखणदार पेशींचाच एक दुर्मिळ कर्करोग उद्भवूं शकतो. याच कारणास्तव २०१९ सालीं ॲलर्गन कंपनीनें आपल्या बायोसेल जातीच्या पिशव्या जगभरांतून परत घेतल्या. एका बाजूस नव्यानें सूज येणें ही त्याची मुख्य खूण. वेळींच पिशवी वेष्टणासह काढल्यास रोग बहुधा बरा होतो.

ही पिशवी जन्मभर टिकेल असें नाहीं, आणि ती आंत फुटली तरी पुष्कळदां कळत नाहीं. म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत कीं खरखरीत, बनावट कोणाची, पुढील तपासणी केव्हां, हें शस्त्रक्रियेपूर्वींच विचारून घेणें हा रुग्णेचा हक्क आहे. आणि पिशवीच्या नोंदीचा कागद जपून ठेवणें हें साऱ्या घराचें काम आहे.