बझ (इंग्रजी शब्द)

'बझ' हा इंग्रजी भाषेतील अनुकरणवाचक शब्द असून तो मधमाशी, माशी आदी कीटकांच्या पंखांचा अखंड आवाज दर्शवतो. मधमाशीचे पंख सेकंदाला सुमारे २३० वेळा हलतात. त्यातून उमटणारा नाद या शब्दाच्या शेवटच्या, हवा तितका लांबवता येणाऱ्या व्यंजनात ऐकू येतो. 

व्याकरण

हा शब्द नाम आणि क्रियापद अशा दोन्ही प्रकारे येतो. 'टिकटिक करणे' यातील 'करणे'सारख्या जोड क्रियापदाची त्याला गरज नसते. 'द बीज आर बझिंग' म्हणजे 'मधमाश्या घोंघावत आहेत'. भूतकाळी रूप 'बझ्ड' असे होते. 'बझर' हे नाम याच शब्दापासून बनले आहे.

वाक्यातील उपयोग

दैनंदिन वापरात मूळ ध्वनीचा अर्थ विस्तारतो आणि मराठी प्रतिशब्दही बदलतो. 'माय फोन बझ्ड' म्हणजे 'माझा फोन थरथरला'. 'द हॉल वॉज बझिंग विथ एक्साइटमेंट' म्हणजे 'सभागृह उत्साहाने गजबजले होते'. येथे 'घोंघावणे' वापरल्यास अर्थाचा विपर्यास होतो. म्हणून भाषांतर करताना आवाज कोणाचा आहे व प्रसंग कोणता आहे, हे आधी पाहावे लागते.

'बझ ऑफ' या प्रयोगाचा अर्थ 'चालता हो' असा असून तो असभ्य मानला जातो. वडीलधाऱ्यांशी किंवा अपरिचितांशी बोलताना तो टाळावा.