हिरव्या पाण्याची गोष्ट

हिरवा रंग आम्हा कवींचा लाडका. रोवणीनंतरचं धानाचं शेत पाहून मीही पुष्कळ हिरव्या ओळी लिहिल्या. पण काही वर्षांपूर्वी अड्याळजवळच्या एका बोडीवर भल्या पहाटे गेलो आणि प्रथमच या रंगाची भीती वाटली. रंगाचा डबा सांडावा तसा हिरवा थर पाण्यावर पसरला होता. काठाला मासे पांढरी पोटं वर करून पडले होते. कुणी वैऱ्यानं विष टाकलं, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा खांद्यावर जाळं घेतलेले एक म्हातारे ढिवरबाबा म्हणाले, "जहर कोनी नाई टाकलं जी. पान्याचा दम कोंडला."

बाबांचं बोलणं शास्त्राला धरूनच होतं. शेवाळ मुळात शत्रू नव्हे. तळ्यात काय नि समुद्रात काय, माशांच्या अन्नाची सुरुवात याच सूक्ष्म हिरव्या जीवांपासून होते. दिवसा ऊन घेऊन ते पाण्यात प्राणवायू सोडतात. रात्री मात्र आपल्यासारखाच प्राणवायू घेतात. ते बेसुमार वाढले की रात्रभरात पाण्यातला प्राणवायू संपत येतो. मेलेलं शेवाळ कुजवणारे जिवाणू उरलासुरला ओढून घेतात. म्हणून मासे मरतात ते बहुधा पहाटे.

दुसरा धोका विषाचा. नीलहरित शेवाळ म्हणतात ते खरं तर एक प्रकारचे जिवाणूच. त्यांच्यातल्या काही जाती यकृतावर घाव घालणारं विष तयार करतात, आणि पाणी उकळलं तरी ते जात नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या पाण्यात, ईरी सरोवरातून, हे विष आलं. सुमारे पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. श्रीमंत देशाची ही गत, तर बोडीवर तोंड लावणाऱ्या आपल्या मुक्या जनावरांना कोण सांगणार?

शेवाळ इतकं माजतं कशानं? कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी १९७३ साली एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नत्र टाकलं. एकीकडे मात्र त्यासोबत स्फुरदही टाकलं. तेवढाच भाग हिरवागार झाला. हे स्फुरद आपल्याकडे डीएपीच्या पोत्यातून येतं, शेणामुतातून येतं, सांडपाण्यातून येतं. पावसाबरोबर बांधावरून वाहतं आणि बोडीत उतरतं.

पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी ते शेकडो वर्षांपूर्वी बांधले. तळ्यातली गाद काढून शेतात टाकायची रीत होती. तळं मोकळं व्हायचं, शेताला खत मिळायचं. ती रीत मोडली आणि तळ्याच्या पोटात खतच साठत गेलं. आमच्याच पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्दची कथा त्याहून मोठी. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून या जलाशयात येतं.

वैनगंगा इथे थांबत नाही. पुढे ती वर्धेला भेटून प्राणहिता होते, गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. सगळ्याच नद्या आपली ही शिदोरी समुद्राला पोचवतात, आणि शेवाळाचा बहर समुद्रालाही येतो. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईत जुहूच्या लाटा रात्री निळ्या चमकल्या, तेव्हा लोक फोटो काढायला धावले. अशी चमक समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची असते. नॉक्टिल्युका हा त्यांतलाच एक. अरबी समुद्रात त्याचे मोठे बहर आता वरचेवर दिसतात. तो माजला की माशांच्या अन्नसाखळीतले साधे सूक्ष्म जीव मागे पडतात. त्याला खाणारे मुख्यतः जेलीफिशसारखे प्राणी. कोळ्याच्या जाळ्यात मासळीऐवजी तेच येऊ लागले तर चूल कशी पेटायची?

उपाय अवघड नाहीत. माती तपासून लागेल तेवढंच खत द्यावं, बोडीच्या काठावर गवताचा पट्टा राखावा, गाद पुन्हा शेतात न्यावी, सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडावं. पाण्यावर हिरवा थर दिसला तर जनावरं तिथे नेऊ नयेत आणि मेलेले मासे घरी आणू नयेत.

त्या पहाटे बाबा रिकामं जाळं घेऊन परतले. त्यांच्या घरचं त्या दिवसाचं जेवण त्या हिरव्या थराखाली बुडालं होतं. तेव्हापासून हिरवी ओळ लिहिताना, हे हिरवं शेतातलं की पाण्यातलं, असं मी आधी स्वतःला विचारतो.